पातेलीला चिकटलेलं लोणी

आमच्या आत्याला आहार संशोधन केंद्रात सगळे ग्रॅमबाई म्हणायचे. अर्थात पाठीमागे. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. एकोणतीस वर्षं ती तिथल्या स्वयंपाकघरात होती, आणि एकोणतीस वर्षांत तिचा एक ग्रॅमसुद्धा इकडचा तिकडे झाला नाही, असं ती स्वतःच सगळ्यांना सांगायची. बटाट्याचं साल जाड निघालं तर बटाट्यालाच बोलायची. घरी मात्र सगळा अंदाजपंचे कारभार, आणि मीठ हमखास जास्त. कुणी तसं म्हटलंच, तर 'घरी कोण तपासायला येतंय?' हे उत्तर ठरलेलं.

मी आहारतज्ज्ञ होऊन त्याच केंद्रात लागले, तेव्हा पहिल्याच दिवशी तिनं मला दारात अडवून बजावलं की इथं ती माझी आत्या नाही आणि मी तिची भाची नाही. एवढं बोलून माझा डबा उघडून पाहिला आणि भाजी कमी का आणलीस म्हणून झापलं. माझं काम रोज सकाळी लोकांची वजनं घ्यायचं. तिचं काम त्यांना जेवू घालायचं. मधे एक लांबलचक व्हरांडा होता आणि मोठ्या डॉक्टरांची खोली होती.

डॉक्टरांना एका प्रश्नानं पछाडलं होतं. एकाला लोणी द्या, दुसऱ्याला सूर्यफुलाचं तेल, तिसऱ्याला जवसाचं. उष्मांक तिघांचे अगदी सारखे. मग शरीर तिघांना सारखंच वागवतं, की एक स्निग्ध पदार्थ पोटावर साठवतं आणि दुसरा जाळून टाकतं? यासाठी बारा माणसं आठ आठवडे केंद्रातच राहायला आली, चार-चारांच्या तीन गटांत. बाहेरचा शेंगदाणाही खायचा नाही. प्रत्येकाची तीन वेळची वेगळी छोटी पातेली, तिच्यावर त्याचा आकडा. लोण्यात पाणी असतं म्हणून ते तेलापेक्षा थोडं जास्त घ्यायचं, हे आत्याला डॉक्टरांच्या आधी ठाऊक होतं, आणि तिनं ते त्यांना दोनदा ऐकवलंही.

तिची एक रीत होती. जेवण ताटात काढलं की पातेली ताटावर तिरकी धरायची आणि मनात तीस आकडे मोजायचे. तिसाव्या आकड्याला तेलाचा शेवटचा थेंब पडलेला असायचा. एकोणतीस वर्षं तेलच वापरलं होतं, त्यामुळे या रिवाजात कधी खोट निघाली नव्हती. लोण्यालाही तिनं तेच तीस आकडे लावले.

पण थंडीचे दिवस होते. उकडलेल्या बटाट्यांवर, भातावर, सूपमध्ये शेवटी घातलेलं लोणी पंधरा मोजेपर्यंत पातेलीच्या कडांना गोठून बसायचं. पहिल्या आठवड्यात ती पातेली तशीच गरम पाण्यानं धुवायची. मग मोरी तुंबली. नळदुरुस्तीवाला आला, अख्खा हात आत घालून त्यानं पांढरा गोळा बाहेर काढला आणि आत्याला सगळ्यांदेखत सुनावलं की मोरीत लोणी ओतायला काय अक्कल गहाण ठेवली आहे का. आत्याला ऐकून घ्यायची सवय नाही. त्या दिवसापासून ती पातेली आधी ब्रेडच्या तुकड्यानं लख्ख पुसायची, मग धुवायची. आणि तो तुकडा टाकून देणार कसा? अन्न टाकणाऱ्यांबद्दल तिची मतं फार जहाल होती. ती तो तोंडात टाकायची. एका पातेलीत चमचाभर लोणी, दिवसाला बारा पातेल्या.

हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. आठ आठवडे संपले, मी शेवटची वजनं घेतली आणि बघते तर काय, तेलाचे दोन्ही गट जागच्या जागी, आणि लोणी खाणारे चौघं प्रत्येकी पाऊण किलोनं हलके. डॉक्टर व्हरांड्यातून शीळ घालत गेले. येत्या शुक्रवारी मोठी सभा ठरली, वार्ताहर बोलावले. निबंधावर माझंही नाव येणार होतं. रविवारी मी घरी सांगून मोकळी झाले की लोण्यानं माणूस जाड होत नाही, आणि सिद्ध करणारी मी.

बाबांना साखरेचा आजार, वजन शंभराच्या पुढे, एकदा हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला. सहा वर्षं घरात लोणी आलं नव्हतं. पोरगी म्हणतेय म्हटल्यावर त्याच संध्याकाळी आलं.

सोमवारी कर्मचाऱ्यांची वर्षाची तपासणी होती. आत्या काट्यावर चढली. तिच्या डगल्याचं एक बटण लागत नव्हतं हे मी पाहिलं होतं, पण वय झालं म्हणून सोडून दिलं होतं. गेल्या तपासणीपेक्षा साडेतीन किलो जास्त. एवढं काय खातेस म्हणून मी चेष्टा केली. ती चिडली. म्हणाली, खायला वेळ कुठे असतो, पातेल्या पुसता पुसता ब्रेडचे चार तुकडे पोटात जातात तेवढेच. लोण्याच्या पातेल्या, दुसरं काय.

मी तिचं वजन वहीत उतरवलं. दुपारी मी आकडे मांडले. एका माणसामागे रोजचे तीन चमचे लोणी, छप्पन्न दिवस. उष्मांकांच्या हिशेबानं अंगावरचा बरोब्बर पाऊण किलो निघत होता. लोण्यानं कुणालाही बारीक केलं नव्हतं. त्यांच्या वाट्याचं लोणी त्यांच्यापर्यंत पोचलंच नव्हतं.

मी कुणाला काही बोलले नाही. आत्याची निवृत्ती एका वर्षावर होती, हे बाहेर आलं की तिला स्वयंपाकघरातून काढणार, तिची अब्रू जाणार, असं मी स्वतःला समजावलं. ते खरंही होतं. पण निबंधावर माझं नाव होतं हेही तितकंच खरं होतं. मंगळवार गेला, बुधवार गेला. बाबा रोज सकाळी ब्रेडवर बोटभर लोणी थापत होते आणि मी दुसरीकडे बघत चहा पीत होते.

गुरुवारी संध्याकाळी आत्या घरी आली. बाबांच्या हातात सुरी, पुढ्यात लोण्याचा डबा. आत्यानं सुरी हिसकावून घेतली. बाबा हसायला लागले आणि म्हणाले, तुझ्याच भाचीनं सिद्ध केलंय, विचार तिला. आत्यानं मला स्वयंपाकघरात ओढलं. डॉक्टर उद्या सभेत नेमकं काय सांगणार आहेत, असं तिनं विचारलं. मी सांगितलं. मग आवाज चोरून उरलेलंही सांगितलं, तीस आकडे, ब्रेडचे तुकडे, साडेतीन किलो, सगळं.

ती ओट्याला टेकून उभी राहिली. बराच वेळ तिचे ओठ हलत होते. ती चमचे मोजत होती.

"तुला कधी कळलं?" तिनं विचारलं.

"सोमवारी."

तिनं माझ्याकडे पाहिलं. त्यापेक्षा कानाखाली वाजवली असती तर बरं झालं असतं. मी तुझ्यासाठीच गप्प बसले वगैरे म्हणायला लागले, तर तिनं हातानंच थांबवलं.

"दादा तुझ्या शब्दावर खातोय," ती म्हणाली. "उद्या सभा झाली की असे किती दादा खातील?"

शुक्रवारी सकाळी ती डॉक्टरांच्या खोलीत गेली, आणि मी तिच्या मागोमाग. खोलीत कोपऱ्यात वजनकाटा होता. आत्या चपला काढून सरळ त्यावर उभी राहिली.

"डॉक्टरसाहेब, तुमचं हरवलेलं लोणी इथं आहे," ती म्हणाली. "हे साडेतीन किलो बघा."

मग तिनं सगळं सांगितलं, मोरी, नळवाला, ब्रेड. कुठंही आडपडदा नाही, रडणं नाही. तीस आकडे तेलाला पुरतात, लोण्याला नाहीत, हे मला कळायला हवं होतं, चूक माझी, असं म्हणून ती काट्यावरून उतरली. डॉक्टरांचा चेहरा लाल झाला, मग पांढरा. हे आणखी कुणाला ठाऊक होतं, त्यांनी विचारलं.

"कुणाला नाही. हिला काल संध्याकाळी वजनावरून शंका आली, हिनं मला खडसावून विचारलं, म्हणून तर आले."

मी तिथंच उभी होते. तोंड उघडलं नाही.

सभा रद्द झाली. आत्याचं स्वयंपाकघर गेलं. शेवटचं वर्ष तिनं कपड्यांच्या खोलीत चादरींच्या घड्या घालत काढलं, आणि घड्या वाकड्या झाल्या तर चादरींना बोलली. पुढच्या थंडीत सगळा प्रयोग पुन्हा झाला, पातेल्या रबरी उलथन्यानं खरवडून. या वेळी तिन्ही गटांच्या वजनांत फरक जवळजवळ नव्हताच. लोणी खाणाऱ्यांच्या रक्तातली चरबी मात्र वाढली होती. बाबांनी हे कळायच्या कितीतरी आधी लोणी सोडलं होतं. आत्यानं सांगितलं एवढं त्यांना पुरलं.

निबंध छापून आला त्या दिवशी केंद्रात छोटासा समारंभ झाला. डॉक्टरांनी भाषणात माझं नाव घेतलं. या मुलीच्या दक्षतेमुळे आपण एका मोठ्या चुकीतून वाचलो, चूक आपल्याच माणसाची असूनही ती डगमगली नाही, असं ते म्हणाले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आत्या शेवटच्या रांगेत बसली होती, आणि सगळ्यांत मोठ्यानं टाळ्या तीच वाजवत होती.

तिनं हे आजवर कुणालाही सांगितलेलं नाही, बाबांनाही नाही. म्हणून मी सांगते. मला सोमवारी कळलं होतं.