डिस्पॅचमधला मॅक्रो

ऑफिसातून माणसं रिटायर होतात, किस्से होत नाहीत. आम्ही जुनी मंडळी जमलो की कुणाच्या तरी गुडघ्यापासून सुरू झालेलं बोलणं चहा येईपर्यंत बापटांच्या मॅक्रोवर येतंच. नव्वदीची सुरुवात. डोंबिवली एमआयडीसीत रंगाचा एक कारखाना, त्यातलं आमचं डिस्पॅच. कुठल्या गिऱ्हाइकाला रंगाचे किती डबे गेले, ते टाइप करायचं, बस्स. मी, अंजू आणि आमचे हेडटायपिस्ट बापट. मग टेबलावर कॉम्प्युटर आला आणि आमची झोप उडाली!

*

शिकवायला ठाण्याहून, टेंभी नाक्यावरच्या एका क्लासमधून, नंदा मॅडम यायच्या. वय जेमतेम बावीस, आवाज हेडमास्तरणीचा. मॅक्रो म्हणजे काय, ते त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. "तुम्ही एकदा करून दाखवायचं. कुठली बटणं दाबली ते मशीन लक्षात ठेवतं. नंतर एकच बटण दाबलं की तेच सगळं आपोआप!"

अंजू ठाण्याच्या कोळीवाड्यातली, नुकतंच लग्न झालेलं. ती पटकन म्हणाली, "म्हणजे आमच्या सासूबाई! मी एकदा कालवणात मीठ जास्त घातलेलं, अजून लक्षात हाय त्यांच्या!"

*

मशीन चुकाही लक्षात ठेवतं, हे माझ्यामुळे कळलं. माझी सवय अशी, की आकडा टाइप केला की शंका यायची, मग तो खोडून तोच परत टाइप करायचा. माझा मॅक्रो चालवला, तर मशीन आकडा लिहितंय, खोडतंय, परत तोच लिहितंय!

"हे काय चाललंय?" नंदा मॅडमनी विचारलं.

"मॅडम, हे ताईच आहेत," अंजू माझ्याकडे बोट दाखवत म्हणाली. "कुलूप लावून चार वेळा ओढून बघणाऱ्या!"

*

बापट कुठलाही कागद वर 'श्री' लिहिल्याशिवाय सुरू करत नसत. टाइपरायटरवरसुद्धा आधी इंग्रजी अक्षरांत श्री, मग काम. मॅक्रो शिकवतानाही त्यांनी मशीनला आधी तेच करून दाखवलं. नंतर कुठेतरी 'परत पहिल्यापासून'ची आज्ञा दिली गेली, ती नको त्या जागी.

प्रिंटर सुरू झाला. एका पानावर श्री. दुसऱ्यावर श्री. एकमेकांना जोडलेल्या कागदांची घडी उलगडत दारापर्यंत गेली, सगळीकडे फक्त श्री! थांबवायचं कसं, कुणालाच ठाऊक नाही. आवाज ऐकून साहेब बाहेर आले.

"बापट, डबे पाठवताय की नामजप करताय?"

बापट घामाघूम. "साहेब, आरंभ झालाय. शेवट सापडत नाहीये!"

*

साहेब हसले, पण दुसऱ्या दिवशी त्यांनी सांगून टाकलं, दिवाळीपर्यंत ज्याचा मॅक्रो चालणार नाही त्याची बदली भिवंडीच्या गोडाउनला. अंजूचा नि माझा तोवर बरा चालायला लागला होता. म्हणजे नाव न घेता बापटच.

बापट राहायचे जवळच, कोपरला. वहिनी अंथरुणाला खिळलेल्या. जेवणाच्या सुट्टीत बापट सायकल हाणत घरी जायचे, त्यांना भरवायचे आणि सुट्टी संपायच्या आत परत खुर्चीत. भिवंडीहून हे कसं जमायचं?

बापटांनी मॅक्रोच्या आज्ञा तोंडपाठ करायला घेतल्या. सायकलवरसुद्धा पुटपुटत जायचे. गेटवरच्या वॉचमनला वाटलं काका स्तोत्र म्हणतायत. तो बिचारा रोज उठून हात जोडायचा!

*

परीक्षेच्या दिवशी साहेब खुर्चीमागे उभे राहिले. बापटांनी बटण दाबलं. पडद्यावर नावं, डबे, आकडे भराभर भरत गेले. पण एक गिऱ्हाईक पूर्ण झालं की मशीन थांबायचं आणि इंग्रजी अक्षरांत विचारायचं, 'बापट, पुढे जाऊ का?' एन्टर दाबलं की पुढचं.

"हे काय मध्येच?" साहेब म्हणाले.

"माल बाहेर सोडण्याआधी विचारायची पद्धत आहे आपल्याकडे, साहेब. नंदा मॅडमना विचारून मशीनलाही लावून दिली."

"आणि तुमचं नाव कशाला?"

"नाव घेतल्याशिवाय उत्तर कोण देईल?"

साहेबांनी परत भिवंडीचं नाव काढलं नाही. मी टेबलाआड रडून घेतलं, त्यात लाज कसली!

*

यथावकाश बापट रिटायर झाले. त्यांच्या खुर्चीवर अंजू आली. तिने मॅक्रो तोच ठेवला, नावही बदललं नाही. दिवसभर मशीन बापटांना विचारायचं आणि अंजू "जा रे बाबा, जा" म्हणत एन्टर दाबायची.

एकदा दुपारी बापट अचानक ऑफिसात आले. वहिनींना जाऊन महिनाही झाला नव्हता. घड्याळात वेळ जेवणाच्या सुट्टीची होती. "काका, बसा ना इथे," म्हणत अंजूने त्यांना त्यांच्या जुन्या खुर्चीत बसवलं आणि उगाच काहीतरी करायचं म्हणून मॅक्रो चालू केला.

एक गिऱ्हाईक भरलं. मशीन थांबलं.

'बापट, पुढे जाऊ का?'

बापटांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"जा गं," ते पडद्याला म्हणाले.

एन्टर मात्र त्यांनी दाबलं नाही. आम्हीही दाबलं नाही.