कुठे बसायचं, कधी थांबायचं

आमचा प्रोग्राम नीट चालला तर तो आहे हे कुणाला कळतही नाही. बिघडला की फोन येतो. त्यामुळे आमच्याकडे जमतात ते सगळे बिघाडांचेच किस्से, आणि चहा आला की एकातून दुसरा निघतोच!

काशीत ब्रह्मा घाटाच्या वरच्या गल्लीत आमचं ऑफिस. अनंत प्रोग्राम लिहितो, राकेश तिवारी ग्राहक सांभाळतो, मी टेस्टिंग करते. दुसरे प्रोग्राम कॉम्प्युटरवर बसवायचे, बदलायचे, काढायचे, एवढंच आमच्या प्रोग्रामचं काम.

सुरुवातीला तो आधी विचारायचा, "आपका आर्किटेक्चर?" म्हणजे प्रोसेसर कोणत्या जातीचा. एका धर्मशाळेच्या मॅनेजरनी मन लावून टाइप केलं, "मराठा शैली, पत्थर का." आम्ही पोट धरून हसलो. मग अनंत म्हणाला, "त्यांचं काय चुकलं? माणसाला जे ठाऊक नसतं ते त्याला विचारायचंच कशाला?"

तेव्हापासून प्रोग्राम स्वतःच शोधू लागला. आणि फसला! एका शाळेतल्या बाईंचा फोन आला, "फाइल सामने दिख रही है, और कंप्यूटर कहता है फाइल है ही नहीं!" त्यांच्या सिस्टिमचा गाभा चौसष्ट बिटचा, पण त्यावरचं बाकी सगळं बत्तीसचं. आम्ही नुसता गाभा पाहून चौसष्टचं पॅकेज पाठवलेलं; ते चालवायला लागणारी चौसष्टची फाइल तिथे नव्हतीच, कॉम्प्युटर तिच्याबद्दल बोलत होता. राकेश अनंतला म्हणाला, "भैया, फाटक देखकर पलंग भेज दिया. कमरा तो देखते!"

मग कंट्रोल-सी. ही बटणं दाबली की चालू प्रोग्रामला थांबायचा सिग्नल जातो. एका छापखानेवाल्याने ती अर्ध्यात दाबली. निम्म्या फाइली जुन्या, निम्म्या नव्या, लग्नपत्रिकांचं काम ठप्प, आणि मुलीचे वडील समोर बसलेले. अनंतने चिडून प्रोग्रामला तो सिग्नल कानाआड करायला लावला. दाबा किती दाबायचं ते! पुढच्या वेळी छापखानेवाल्याने सरळ वायरच उपटली. "सुन ही नहीं रहा था, क्या करता?"

त्या संध्याकाळी अनंतने प्रोग्रामला एक ओळ शिकवली. "सुन लिया. हाथ का काम समेटकर रुकता हूँ." थांबायला वेळ पूर्वीइतकाच लागतो, पण त्यानंतर वायर कुणी उपटली नाही. मला अजून नवल वाटतं त्याचं.

आणि हे परवाचं. एक तापट प्रोफेसरसाहेब फोनवर अनंतला फैलावर घेत होते. इन्स्टॉल अर्धवट अडकलेलं. तेवढ्यात अनंतची बायको मधुरा जिना चढून आली. दिवस भरलेले, हातात दवाखान्याची पिशवी. अनंतने न बघताच बोट वर केलं, एक मिनिट!

मधुरा मला म्हणाली, "मावशी, हा येतोय, की मी रिक्षा करू?"

अनंतने वळून पिशवी पाहिली. फोन राकेशच्या हातात कोंबला, मधुराला धरलं आणि हळूहळू जिना उतरू लागला.

"हैलो! कहाँ गए वो?" प्रोफेसर ओरडले.

"सर, अस्पताल. भाभीजी का समय हो गया."

प्रोफेसर पुन्हा ओरडले, "तो आप फोन पकड़े क्यों खड़े हैं? गाड़ी निकालिए!"