प्रोसेसरसाठी लावलेला कौल

माझ्या थोरल्या साडूंनी आयुष्यात एकच निर्णय झटक्यात घेतला, तो लग्नाचा, आणि त्याचंही श्रेय ते माझ्या मेहुणीलाच देतात. बाकी काही घ्यायचं म्हटलं की ते आधी सुतक आल्यासारखे गप्प होतात आणि मग आचऱ्यापासून कुडाळपर्यंत चौकशा करत सुटतात. माडांच्या पाण्यासाठी पंप घ्यायचा होता, तेव्हा अख्खा उन्हाळा ते शेजाऱ्याच्या पंपाजवळ खुर्ची टाकून बसले होते. शेजाऱ्याला वाटलं, हद्दीचं भांडण उकरायला आलेत. साडूंचा पंप आला तोवर पावसाळा लागला होता.

अशा माणसाने गेल्या वर्षी होम थिएटरचा प्रोसेसर घ्यायचं मनावर घेतलं. प्रोसेसर म्हणजे, पंगतीतला वाढपी ज्याचं त्याच्या पानात वाढतो, तसा आवाज सुटा करून ज्याच्या त्याच्या स्पीकरला देणारी पेटी. कारण मात्र थट्टेचं नव्हतं. साखरेच्या दुखण्याने आक्काची, म्हणजे माझ्या मेहुणीची, नजर गेली होती. सिनेमाची वेडी बाई, पण आता टीव्ही लागला की उठून आत जायची. कोण कुठे उभं आहे तेच कळत नाही, म्हणायची. घराबाहेर पडणंही तिने सोडलं होतं. आवाज चहूबाजूंनी आला तर ती पुन्हा शेजारी येऊन बसेल, एवढीच साडूंची आशा.

मी मालवणात रेडिओ-टीव्ही दुरुस्त करतो, त्यामुळे सल्लागार म्हणून मीच जुंपला गेलो. साडूंच्या ऐपतीत बसणाऱ्या दोनच पेट्या निघाल्या. एक गाण्याला गोड, पण सिनेमातली कुजबुज गिळणारी. दुसरीचे संवाद स्वच्छ, पण गाणं जरा कोरडं. कुडाळच्या दुकानात साडूंनी खुर्ची फिरवली आणि टीव्हीकडे पाठ करून डोळे मिटून बसले. दुकानदार चक्रावला, तर म्हणाले, “माका बगूचा नाय, ऐकूचा आसा.” आवाज येईल तिकडे ते बोट दाखवत होते, आणि प्रत्येक वेळी उजवीकडेच. मी हादरलो. स्पीकर तपासले, वायरी बदलल्या, दुकानदाराशी भांडलो. दोष काही सापडला नाही.

माझं मत दुसऱ्या पेटीला होतं. ते शांतपणे ऐकून साडू म्हणाले, आता देवाला विचारूया. मी थक्क झालो. जमिनीच्या वादाला, लग्नाला कौल लावतात हे मी जन्मापासून बघतोय, पण प्रोसेसरला? माझी उभ्या आयुष्याची कारागिरी दोन पाकळ्यांच्या हाती गेली. देवळात गुरवाने मूर्तीच्या दोन्ही अंगांना पाकळ्या चिकटवल्या, पडेल ती देवाचं उत्तर, आणि गाऱ्हाणं घातलं, “बा देवा म्हाराजा, ह्या लेकरान आवाजाची पेटी घेवक काढली हा. सिनेमाची घेवची आसात तर उजवी दी, गाण्याची आसात तर डावी दी.” जमलेले चार म्हातारे गंभीरपणे “व्हय म्हाराजा” म्हणाले. प्रोसेसर म्हणजे काय, हे त्यांतल्या एकालाही ठाऊक नव्हतं.

पाकळी हलेना. अर्धा तास गेला. शेवटी गुरव म्हणाला, “काय तरी लपयलास तुमी.”

साडूंनी मान खाली घातली. मग हात जोडून म्हणाले, “म्हाराजा, माझो डावो कान गेलो आसा. आवाज खयसून येता तां माका कळणा नाय. घरात सांगूक नाय. तिची नजर गेलेली, तिका आणि कशाक दुख देवचा?”

उजवी पाकळी पडली. मी गार झालो. पाकळीने की कानाने, ते अजून मला सांगता येत नाही.

घरी येऊन साडूंनी आक्काला सगळं सांगून टाकलं. ती लसूण सोलत होती. हात न थांबवता म्हणाली, “माका ठावक आसा. म्हणान तर मी सदा तुमच्या उजव्या अंगाक बसतंय.”

पेटी आली. आता सिनेमा लागला की आक्का साडूंच्या उजव्या कानाशी सांगत राहते, मागून कोणी आलं, डावीकडे दार वाजलं, आणि साडू मुकाट्याने तिकडे मान वळवतात. परवा ते बघताना मला गलबलून आलं. घरी आल्यावर बायकोला विचारलं, तू माझ्या कुठल्या बाजूला बसतेस? ती म्हणाली, पंख्याखाली जागा असेल तिथे. तेव्हापासून पंख्याखालची खुर्ची मी रिकामी ठेवतो.