मार्लिसनं तर्क लढवणं सोडलं

अमेरिकेतल्या डुलुथ गावच्या आमच्या सलूनमध्ये मार्लिस हॉगनच्या खुर्चीतल्या बाईनं अर्धी गोष्ट सांगावी आणि उरलेली मार्लिसनं रचावी, अशी जुनी रीत. कुणी म्हणालं, "नवरा मासे धरायला गेलाय," की मार्लिसकडे सगळी भानगड तयार! शेजारच्या खुर्चीवर केस कापायचे मी, त्यामुळे बातमी पहिली मला.

पन्नाशीत तिला वकील व्हायचं खूळ लागलं. संध्याकाळच्या लॉ कॉलेजची प्रवेशपरीक्षा दोनदा दिली. दोन्ही वेळा उताऱ्यांवरच्या प्रश्नांनी घात केला. आता एकदाच, असं तिनं घरी कबूल केलं होतं. सराव मी घ्यायचे.

एक उतारा शेवाळाचा होता. एका प्राध्यापिकेनं तळ्यातल्या शेवाळाचा अभ्यास केला. त्याच वर्षी तिच्या सहकाऱ्यानं विद्यापीठ सोडलं. यावरून काय दिसतं, या प्रश्नाला मार्लिसनं झटकन 'क' पर्यायावर खूण केली: दोघांचं बिनसलं होतं.

"कुठे लिहिलंय?" मी विचारलं.

"अगं, लिहायला कशाला हवं? त्याच वर्षी गेला ना?"

"चूक."

"मग पेपर काढणारे भोळे आहेत!"

"भोळे कसले? तुझ्यासारखीसाठीच ठेवलाय तो 'क'."

हे तिला झोंबलं. मग उत्तर कितीही चटकदार असो, उताऱ्यात बोट ठेवायला जागा नसली की ती त्यावर काट मारू लागली. गुण चढले आणि माझं वाटोळं झालं.

कारण ही सवय सलूनमध्येही आली. एकदा व्हर्ना केस कुरळे करायला आली. नवऱ्याबद्दल म्हणाली, "डुएन भावाकडे गेलाय. महिना झाला." मी कात्री थांबवून कान टवकारले. मार्लिस म्हणाली, "बरं, भावाकडे," आणि कर्लर लावू लागली! असा संताप आला मला!

थोड्या वेळानं व्हर्नाच बोलली. "सगळे म्हणतात, तो बाईपायी पळाला. तू एकटीच काही म्हणाली नाहीस. अगं, मीच हाकललाय त्याला. माझ्या आईचा पियानो विकून बर्फावरची मोटार आणली मेल्यानं! तू वकील कधी होतेस? घटस्फोटाचं काम तुलाच देईन."

"परीक्षा झाली की पुढे चार वर्षं."

"चालेल. तोवर राहू दे तिकडेच."

उन्हाळ्यात मार्लिसला हवे तेवढे गुण पडले, प्रवेशही मिळाला. ती आनंदानं रडली, मीही रडले. व्हर्ना केक घेऊन आली. म्हणाली, "डुएनला कळवलंय, चारच वर्षं उरली."

ती गेल्यावर मी मार्लिसला कोपरानं ढोसलं. "परत घेणार बहुतेक त्याला, नाही?"

मार्लिसनं केकचा तुकडा तोंडात टाकला.

"तसं ती कुठे म्हणाली?"