मुरमाची टेकडी

शोरूममागच्या मोकळ्या जागेत मालकांनी मुरमाची टेकडी करून घेतली होती. गिऱ्हाइकासमोर दोन एसयूव्ही तिच्यावर चढवायच्या. एक लहान, हलकी, अरुंद आणि खोल खाचांच्या टायरची. दुसरी मोठी, महाग, जड, रुंद टायरची. चारही चाकांना जोर दोघींच्याही. मोठी नेहमी आधी वर पोचायची. मुरमात कोण रुततं?

एकदा मी म्हणालो, "थोडी काळी माती टाकून पाहू या का?"

"काहून गा, कापसाची पऱ्हाटी लावाची हाय काय?" मालक म्हणाले. सगळे हसले. मीही हसलो. घरातला पहिला पदवीधर मी. नागपूरच्या धरमपेठेत टाय लावून उभं राहायला मिळतं, याचेच उपकार वाटायचे.

मग आमच्या शाळेचे सर आले. मौद्याच्या पुढे, गावाबाहेर त्यांचं घर. त्यांच्या पत्नीला, बाईंना, आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी नागपूरला आणायचं, आणि डांबरी सडकेपर्यंत सगळी काळी माती.

"पावसात कोणती निघते, तेवढंच सांग. तुयावर भरोसा हाय."

लहान निघते, हे मला माहीत होतं. पण मालक मागेच उभे होते. मी सरांना टेकडीपाशी नेलं. मोठी गाडी चढली. सरांनी टाळी वाजवली. वर्गात माझं उत्तर बरोबर आलं की वाजवायचे, तशीच.

श्रावणात ती गाडी रुतली. टायरच्या खाचा चिखलानं बुजल्या, चाकं जागेवरच फिरत राहिली. बाईंना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत ताडपत्रीखाली बसवून आणलं. डायलिसिसची पाळी हुकली. दुसऱ्या दिवशी त्या आयसीयूत होत्या.

मी दवाखान्यात गेलो. सर बाकावर बसले होते.

"गाडीचं जाऊ दे गा. तुले मालूम होतं काय?"

त्याच रस्त्यानं मी दहा वर्षं शाळेत गेलो होतो. पायाची माती खरडायला शाळेच्या दाराशी बांबूच्या चिपा ठेवलेल्या असत. त्या सरच तासून ठेवायचे.

"नाही सर."

ते माझ्या पॉलिश केलेल्या बुटांकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "शहरात राहून इसरला असशील."

माझ्या खोट्याला हे कारणही त्यांनीच मला दिलं. आणि मी ते घेतलं.