आबांचा समुद्र आणि माझे थांबे

आबांच्या हाती आता फार दिवस नाहीत, असं डॉक्टरांनी सांगितलं, त्याच्या दुसऱ्याच दिवशी आमच्या घरात होडी कुठे कुठे थांबवायची यावरून भांडण झालं.

डॉक्टरांनी हे आबांना सांगितलं नव्हतं. आम्हा दोघा भावंडांना बाजूला घेऊन, हळू आवाजात सांगितलं होतं. आबांना काही कळू द्यायचं नाही, असं मी आणि राहुलने हॉस्पिटलच्या जिन्यातच ठरवलं. राहुल हा माझा धाकटा भाऊ, सोमाटण्याला राहतो, कारखान्यात सुपरवायझर आहे आणि चेहऱ्यावर काहीही लपवू शकत नाही. लोणावळ्याला परत येताना त्याने सोमाटणे फाट्यावर गाडी थांबवली आणि आबांना न मागता उसाचा रस पाजला. वर विचारलं, "आणखी एक घेता का, आबा?"

आबांनी ग्लास खाली ठेवला. "इतकं वाईट हाय का रं?" ते म्हणाले.

घरी आल्यावर राहुलने घसा साफ करून विचारलं, "आबा, तुमची काही इच्छा राहिलीय का?" (हा प्रश्न माणसाला काही कळू न देता कसा विचारायचा, ते मला अजून समजलेलं नाही.)

"हाय," आबा म्हणाले. "शिडाच्या होडीत बसून समिंदरातनं जायाचंय."

आबांचा जन्म तिकोणा पेठेचा. सगळी नोकरी तळेगावच्या बाजूला झाली. आई गेल्यावर ते माझ्याकडे लोणावळ्याला आले. पाय चालत होते तोवर रोज कुरवंड्याच्या कड्यापर्यंत जायचे आणि खाली कोकणाकडे बघत उभे राहायचे. पोहता येत नाही, मासे आवडत नाहीत, आणि समुद्र पाहिला होता तो एकदाच, चैत्यभूमीला गेले तेव्हा, तोही माणसांच्या डोक्यांवरून.

इच्छा साधी होती. पण मी शाळेत भूगोल शिकवते. दुसऱ्या दिवशी मी शाळेतून भिंतीवरचा महाराष्ट्राचा नकाशा गुंडाळून घरी आणला आणि दिवाणावर पसरला.

"रेवदंड्याहून निघायचं," मी म्हटलं. "पण नुसतं पाण्याकडे काय बघत बसायचं? वाटेत पाहण्यासारखं काय आहे, कुठे उतरायचं, ते आधी ठरवायला हवं. कोर्लईचा किल्ला. मग जंजिरा. मग राजपुरीच्या खाडीतून आत कुडा लेणी. दोन हजार वर्षांची बौद्ध लेणी आहेत, आबा."

"काशीदला थांबायचं," राहुल म्हणाला. "पुळणीवर आबांना जरा वाळूत बसवू. पाय पाण्यात घालून."

"काशीदला पाहण्यासारखं काय आहे?"

"ताई, सगळं परीक्षेला येणारं बघायचं नसतं."

यावरून भांडण झालं. आबा दिवाणाच्या कडेला नकाशावर हात ठेवून बसले होते. आमचा आवाज चढला तेव्हा ते म्हणाले, "हितं समोर कार्ला हाय, भाजं हाय, बेडसं हाय. तिकोण्याच्या पायथ्याला मी जन्मलो. किल्लं आन् लेणी कमी पडली व्हय आपल्याला?"

आम्ही दोघांनीही तिकडे लक्ष दिलं नाही. थांबे ठरवण्यात गुंतलो होतो.

थंडी सरता सरता आम्ही निघालो. घाट उतरून रेवदंड्याला पोचलो तेव्हा काशिनाथ तांडेल होडीत उभा होता. तांडेल म्हणजे होडी चालवणारा. पन्नाशीचा, हसरा, आणि कुठल्याही प्रश्नाला "होईल की" असं उत्तर देणारा. होडीला एक शीड, मागे अडीअडचणीला छोटं इंजिन, मधोमध आबांसाठी गादी. शिडात वारा भरला, होडी एका अंगाला कलली आणि आबांच्या चेहऱ्यावर जे काही आलं ते हॉस्पिटलच्या खेपा सुरू झाल्यापासून मी पाहिलं नव्हतं. त्यांनी गादीवर पाठ टेकली आणि डोळे बारीक केले.

"आबा, आवरा," मी म्हटलं. "कोर्लई आलं."

कोर्लईला आम्ही आबांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून वर न्यायला निघालो. पुढून राहुल, मागून मी आणि काशिनाथ. अर्ध्यावर खुर्चीचा पाय मोडला. आबा पडले नाहीत, कारण ते राहुलवर बसले. राहुल मात्र पडला.

"वर काय हाय?" आबांनी त्याच्या पाठीवरूनच विचारलं.

"तटबंदी, आबा. दोन्ही बाजूंना पाणी दिसतं."

"खाली बी पानीच दिसत हुतं," आबा म्हणाले. त्यांना धाप लागली होती. आम्ही परत फिरलो.

काशीद हा राहुलचा थांबा. होडी किनाऱ्याला लागत नव्हती म्हणून राहुलने आबांना पाठकुळी घेतलं आणि गुडघाभर पाण्यातून निघाला. मी होडीतून "सावकाश, सावकाश" म्हणत होते. एक लाट मागून आली. फार मोठी नव्हती, पण राहुलला तिची कल्पना नव्हती. दोघेही पाण्याखाली गेले आणि मला वाटलं, डॉक्टरांनी दिलेले थोडे दिवसही उरले नाहीत. मग राहुल उठला. त्याने आबांना दोन्ही हातांनी वर धरलं होतं. आबा खोकत होते, श्वास घेत होते, आणि काहीतरी बोलत होते, पण एकही शब्द समजत नव्हता.

"आबा, काय झालं? छातीत दुखतंय?"

आबांनी तोंडाकडे बोट दाखवलं. समुद्राने कवळी नेली होती. वरची, खालची, दोन्ही.

राहुल संध्याकाळपर्यंत काशीदच्या पाण्यात वाकून वाकून कवळी शोधत होता. आबांनी मऊ भात खाल्ला. ते काही बोलले नाहीत, आणि बोलले असते तरी आम्हाला नीट कळलं नसतं.

मुरूडला मुक्काम करून सकाळी पुन्हा निघालो. जंजिऱ्याजवळून जाताना आबा झोपलेले होते. त्यांना उठवावं, असं मी म्हटलं. राहुलने माझ्याकडे असं पाहिलं की मी गप्प बसले. आता माझा एकच थांबा उरला होता, कुडा लेणी, आणि तो मी सोडणार नव्हते. आबांना समुद्रावर आणून आपल्या माणसांनी कोरलेल्या लेण्यांपर्यंत नेलं, असं मला पुढे सांगायचं होतं. कोणाला, ते ठरलं नव्हतं.

"काशिनाथभाऊ, खाडीतून थेट आत जाता येईल ना?"

"होईल की," काशिनाथ म्हणाला. त्याची सासुरवाडी खाडीच्या काठाला होती आणि मेव्हण्याने खेकडे धरून ठेवले होते, हे त्याने नंतर सांगितलं.

आत बराच वेळ सगळं ठीक चाललं होतं. दोन्ही काठांना कांदळवन, मध्ये शांत पाणी. मग खालून खसखस असा आवाज आला आणि होडी थांबली. काशिनाथने इंजिन लावलं. पाण्याऐवजी मागे चिखल उडाला. त्याने बांबू घालून पाहिला. बांबू आत गेला आणि तिथेच राहिला. आमच्या डोळ्यांदेखत पाणी मागे सरत गेलं, आणि थोड्या वेळाने आम्ही एका विस्तीर्ण, चकचकीत, काळ्या चिखलाच्या मध्यभागी, होडीत बसलेले होतो.

"ओहोटी," काशिनाथ म्हणाला.

राहुल माझ्याकडे बघत होता. "ताई," त्याने अगदी शांतपणे विचारलं, "भरती-ओहोटीचा धडा कितवीला असतो?"

ऊन चढत होतं. आबांना ऊन लागू नये म्हणून मी त्यांच्यावर पांढरी चादर घातली, हनुवटीपर्यंत. ते डोळे मिटून पडले होते. कवळी नसल्याने गाल आत गेले होते, नाक वर आलं होतं. राहुल त्यांच्या पायाशी डोकं धरून बसला होता. मी उशाशी. आम्ही एकमेकांशी बोलत नव्हतो. हे सगळं लांबून कसं दिसत असेल, याचा विचार आमच्यापैकी कुणीच केला नाही.

काठावर कालवं वेचणाऱ्या बायका होत्या. त्यांनी आधी बघितलं, मग एकमेकींत कुजबुजल्या, मग चिखलावर फळ्या टाकत टाकत दोघी आमच्यापर्यंत आल्या. एकीने पदर डोक्यावर घेतला. दुसरी, वयाने मोठी, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "कवा गेले गं, बाय?"

राहुलने डोकं वर केलं.

चादरीखालून आवाज आला. कवळीशिवायचा, पण आता आम्हाला सवय झाली होती. "निघालोच हुतो, मावशी. पर ह्या पोरांनी हितं आणून रुतवलं."

धाकटी बाई फळीवरून घसरली. मोठी मात्र जागची हलली नाही. तिने आबांच्या कपाळाला हात लावून पाहिला. "ऊन ऊन हाय अजून," ती म्हणाली. "ह्यांना घोटभर पानी तरी द्या."

पाणी संपलं होतं. ते आणायला मी काठावर जाते, असं मी म्हटलं. बायका फळ्यांवरून आल्या होत्या, तर मलाही जाता येईल, असं मला वाटलं. पहिली फळी नीट पार पडली. दुसरी फळी म्हणून मी जिच्यावर पाय ठेवला, ती फळी नव्हती. मी मांडीपर्यंत आत गेले. पाय उपसायला दुसरा पाय टाकला, तोही गेला. हलावं तितकी मी खाली जात होते, आणि खरं सांगायचं तर मी घाबरले. ओरडले नाही, एवढंच. काशिनाथने शिडाची दोरी फेकली, राहुलने ती ओढली, त्या दोघींनी मला काखेत धरलं.

"काय करता तुम्ही, बाय?" ओढता ओढता मोठीने विचारलं. माझं मन रमवायला असावं.

"शिक्षिका आहे."

"काय शिकवता?"

दोरी धरलेला राहुल म्हणाला, "भूगोल."

आबा हसले. हॉस्पिटलच्या त्या दिवसापासून पहिल्यांदाच हसले. तोंडात एकही दात नसलेल्या माणसाचं ते हसणं सगळं उघडं, लहान बाळासारखं होतं. हसता हसता खोकला आला, खोकला थांबेना, राहुलने दोरी सोडून त्यांना धरलं (आणि मी पुन्हा थोडी आत गेले), आणि थोडा वेळ आम्हाला वाटलं की त्या बाईने विचारलेला प्रश्न आता खरा होणार. पण श्वास परत आला. आबांनी डोळे पुसले. "हिला काढा आधी," ते म्हणाले.

मला काढलं. चपला तिथेच राहिल्या. बायकांनी काठावरून पाणी आणलं, आणि चहाही. कुडा लेण्यांचा डोंगर समोर दिसत होता. कोणी तिकडे पाहिलं नाही.

ऊन उतरल्यावर पाणी परत येऊ लागलं. आधी चिखलावर एक बारीक, चमकती रेघ आली. मग ती रुंदावली. आबा कुशीवर वळून होडीच्या काठावरून ते बघत होते. मी त्यांच्याजवळ बसले. माझ्या पायांवरचा चिखल वाळून कडक झाला होता.

"धरण भरलं तवा पानी आमच्या शेतात असंच आलतं," ते म्हणाले. "आवाज न्हाई, काय न्हाई. सकाळी बांधाला, दुपारी विहिरीला. मी आन् आज्जा वर उभं राहून बघत हुतो. आज्जा म्हनला, थांब, जाईल मागं. लय दिस थांबला म्हातारा." त्यांनी रुंदावणाऱ्या रेघेकडे बोट केलं. "ह्ये पानी बरं हाय. ह्ये जातं बी."

त्यांनी कधीच हे सांगितलं नव्हतं, आणि आम्ही कधी विचारलं नव्हतं. होडी हलली, तरंगली. काशिनाथने शीड वर घेतलं.

"आता कुठे थांबायचं?" राहुलने आबांना विचारलं.

"कुटंच न्हाई," आबा म्हणाले.

मुरूडपर्यंत आम्ही कुठेच थांबलो नाही. आबा सगळा वेळ जागे होते.

त्यानंतर ते फार दिवस राहिले नाहीत. लोणावळ्याच्या घरी, खिडकीजवळच्या खाटेवर होते. नवी कवळी करू म्हटलं तर "आता कशाला" म्हणाले. भेटायला माणसं येत. तळेगावची, पेठेची, माझ्या शाळेतली. चेहरे पाडून आत जात आणि थोड्या वेळाने आतून हसण्याचा आवाज येई. आबा त्यांना खाडीतली गोष्ट सांगत असत. समुद्र, शीड, किल्ला याबद्दल फारसं काही नाही. फक्त त्यांची भूगोलाची मास्तरीण मुलगी ओहोटीत कशी रुतली, ते.

पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी मांडीपर्यंत रुतले होते. पेठेचे लोक आले तेव्हा कमरेपर्यंत. आमच्या मुख्याध्यापिका आल्या त्या दिवशी चिखल माझ्या छातीला लागला होता आणि मी "वाचवा" म्हणून ओरडत होते. मी दारात उभी राहून ऐकत असे आणि दुरुस्ती करत नसे. आबांचा आवाज दिवसेंदिवस बारीक होत चालला होता आणि चिखल वर वर येत होता. शेवटच्या आठवड्यात, ऐकणाऱ्याला त्यांच्या तोंडाशी कान न्यावा लागत होता, तेव्हा मी गळ्यापर्यंत गेले होते.

पुण्यानुमोदनाला आलेली माणसं आबांच्या फोटोला फुलं वाहून माझ्यापाशी येत, हात जोडत आणि नकळत माझ्या गळ्याकडे बघत. आणखी पंधरा दिवस आबा राहिले असते तर मी पुरती बुडाले असते, आणि माझी त्याला काहीच हरकत नव्हती.