आठ पानांत न मावणारा नेता

ज्या माणसाचा फोटो तुमच्या घरात देवांच्या जागी लावलाय, त्याच्या चुका लिहायची वेळ आली, तर तुम्ही किती पानं द्याल?

मी एक दिलं. तेही टिकेल असं वाटत नव्हतं.

आमच्या नांदेडच्या घरात तो फोटो माझ्या जन्माआधीपासून आहे. दूरच्या एका बेटावरचा दाढीवाला क्रांतिकारक. बाबा गिरणीत कामगार आणि युनियनचे कार्यकर्ते. गिरणी बंद पडली, युनियन विस्कटली, फोटो राहिला. मी अक्षरं शिकले ती बाबांच्या पत्रकांवरून. म्हणून यंदा आमच्या अभ्यासमंडळानं त्या नेत्यावर पुस्तिका काढायची ठरवली, तेव्हा मी लिहिणार आणि प्रस्तावना बाबांची, हे ठरवावंही लागलं नाही.

लातूरला दिवसभर क्लासमध्ये शिकवायचं, उरलेल्या वेळात लिहायचं. जमीनदारांची जमीन कसणाऱ्यांच्या हाती आली. खेड्यापाड्यांत शाळा पोचली, डॉक्टर पोचला. हे लिहिताना हात अडला नाही. मग रेशनच्या रांगा. एकाच पिकावर आणि एकाच मोठ्या गिऱ्हाइकावर टांगलेला देशाचा कारभार. सरकारविरुद्ध लिहिणाऱ्यांना तुरुंग, होडीत बसून देश सोडणारी माणसं. या एका पानाला बाकी सगळ्यांहून जास्त दिवस लागले. पूर्वी त्याच्या चुका समोर आल्या की राग यायचा. आता नुसता थकवा येतो.

छापखाना नांदेडलाच, बाबांचे जुने दोस्त चाचा यांचा. बाबांची पत्रकं तेच छापत आले. बाबांना घेऊन मी तिथं गेले, तेव्हा त्यांनी पानं मोजली. "बेटा, प्रस्तावनेसकट नऊ झाली. फर्मा आठाचा, एका कागदात आठच पानं बसतात. एक उडव." मग बाबांकडे बघून हसले, "न्हाईतर बापाला म्हण, पहिल्या पानावरचा फोटो लहान कर."

बाबांना आता बारीक अक्षर दिसत नाही. तिथंच स्टुलावर बसवून मी त्यांना प्रूफ मोठ्यानं वाचून दाखवलं. शेवटच्या पानाला त्यांनी हात वर केला.

"हे काढ."

"का? खोटं आहे?"

"विरोधकाच्या हातात आयतं कोलीत कशाला देती?"

"पत्रक काढलं म्हणून मालकानं तुम्हाला घरी बसवलं, तेव्हा गिरणीच्या गेटवर तुम्ही काय ओरडत होतात, बाबा? लिहिणाऱ्याचं तोंड दाबू नका म्हणून. तिकडचा लिहिणारा माणूस नाही का?"

"घ्या," चाचा म्हणाले, "तुमचंच पत्रक तुम्हाला वाचून दाखवून राहिली."

बाबा हसले नाहीत. मला पान जाण्याची भीती नव्हती. ते उठून गेले, तर पुन्हा त्यांच्याजवळ बसून काही वाचता येणार नाही, याची होती.

स्टुलावरून न उठता ते म्हणाले, "शाळेचं पान ठेव. दवाखान्याचं ठेव. माझी प्रस्तावना काढ."

"म्हणजे पटलं तुम्हाला?"

"समदं न्हाई पटलं. पण त्या रांगा, ते तुरुंग मला ठाऊक होते, पोरी. गेटसभेत कधी बोललो न्हाई."

प्रस्तावनेशिवाय पुस्तिका निघाली. परवा औशाच्या बाजारात वाटली. बरेच जण वरचा फोटो बघतात आणि खिशात घालतात. तुमच्या हाती आली असेल, तर एवढं करा: ज्यानं तुम्हाला असा एखादा फोटो ओळखायला शिकवलं, त्याच्याजवळ बसा आणि आठही पानं मोठ्यानं वाचून दाखवा. शेवटचं गाळू नका.